मासे भेटायला यायचे

बोईसरजवळच्या सरावलीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे या गावात कोण किती थोर आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. वाढदिवस असो, निवड असो, माणूस आधी माझ्याकडे येतो, मोबाइलमधला फोटो पुढे करतो आणि विचारतो, "अंकुशभाऊ, चेहरा जरा उजळता येईल का?" उजळता येतो. मी सगळ्यांचेच चेहरे उजळतो. या धंद्यात राहून माणसाचा स्वभाव चांगला राहणं कठीण आहे आणि माझा राहिलेला नाही.

स्वतःसाठी एकही फ्लेक्स न मागणारा असा एकच माणूस मला इतक्या वर्षांत भेटला. ते म्हणजे आमचे शेजारी रामकिसन खरात. आणि नेमक्या त्यांच्याच फ्लेक्सपायी मी एका रविवारी सकाळी नवे बूट घालून तळ्यात उभा होतो.

रामकिसनभाऊ मूळचे जालन्याकडचे. त्यांच्या गावाला नदी आहे, पण तिच्यात क्रिकेट खेळतात. लहानपणी पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे मारामारी. तरुणपणी ते बोईसरला आले आणि एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत लागले. काम मिळालं ईटीपीवर, म्हणजे कंपनीचं घाण पाणी सोडण्याआधी साफ करतात त्या विभागात. तिथे एक भलीमोठी टाकी असते. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जंतू पाळलेले असतात. ते पाण्यातली घाण खातात. त्यांची तब्येत राहावी म्हणून त्यांना वरून खुराक घालावा लागतो: शेण, गूळ, युरिया, डीएपी. आणि त्यांना श्वास मिळावा म्हणून टाकीत खालून रात्रंदिवस हवा सोडतात. ती हवा सोडणारं यंत्र म्हणजे ब्लोअर.

या जंतूंना रामकिसनभाऊ 'लेकरं' म्हणायचे. सुट्टीच्या दिवशीही संध्याकाळी कंपनीत चक्कर मारून यायचे. "दिसत न्हाईत म्हणून काय झालं? भूक तर लागतीच ना," म्हणायचे. दमयंतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या की आमच्या घरात गूळ कधी टिकला नाही, सगळा त्या जंतूंच्या पोटात गेला.

नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या आणि एक काढून घेतली. दिला तो दमा. पहाटे ते खिडकीशी बसायचे, मान वर, तोंड उघडं, पफ मारून आराम पडेपर्यंत. दिली ती ब्लोअरच्या घरघरीची सवय. निवृत्त झाल्यावर शांततेमुळे त्यांना झोपच येईना, म्हणून त्यांनी एक जुना कूलर आणला आणि थंडीतही तो लावून झोपू लागले. वहिनी गोधडीवर गोधडी घेऊन शेजारी. आणि काढून घेतलं ते नाक. त्यांना वास येणं कधीच बंद झालं होतं. दूध करपलं, गॅस राहिला, उंदीर मेला, त्यांना पत्ता नसायचा. वहिनींचं नाक मात्र शाबूत होतं, आणि दोघांचं मिळून त्या एका नाकावर घर चाललं होतं.

निवृत्तीनंतर हा माणूस सैरभैर झाला. जन्मभर कुणालातरी खाऊ घालायची सवय आणि आता समोर कुणीच नाही. वहिनींना आग्रह करकरून वाढायला लागले तेव्हा वहिनींनीच त्यांना फिरायला घराबाहेर काढलं. फिरता फिरता त्यांना चिंचतळं सापडलं.

चिंचतळं आमच्या बिल्डिंगांच्या मागे आहे. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला आमची गटारं, काठावर चार-पाच चिंचा. आम्ही तिथे गणपती विसर्जन करतो, आणि उरलेलं वर्षभर तिकडे बघत नाही. पलीकडच्या पाड्यावरच्या जमुनाच्या बचत गटाने ते ग्रामपंचायतीकडून घेतलं होतं आणि त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं होतं. दिवाळीनंतर जाळं टाकायचं, असा बायकांचा बेत होता. दोन वर्षं त्यांनी काठावरचं गवत कापलं होतं, बगळे हाकलले होते. त्या तळ्यातल्या माशांवर त्यांचा जीव होता, भले नंतर त्यांचं कालवण होणार असलं तरी.

रामकिसनभाऊ माळकरी. कालवणाशी त्यांचा संबंध नाही. पण पाणी बघून ते हात जोडूनच उभे राहिले. मला म्हणाले, "अंकुशभाऊ, एवढं पाणी, आन् कुणी बघायला बी न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून ते कणकेच्या गोळ्या घेऊन जाऊ लागले. मग त्यांना पाणी अशक्त वाटू लागलं. पाणी अशक्त कसं असतं ते मला विचारू नका. त्यांनी जमुनाला विचारलं, थोडं शेण टाकू का?

जमुना म्हणाली, "थोडा शेण आमी पन टाकतो. टाका."

थोडं हा शब्द रामकिसनभाऊंच्या कोशात नाही. त्यांनी टोपलीने शेण टाकलं. मग गूळ. मग आसपासच्या शेतकऱ्यांकडून खताच्या उरल्यासुरल्या गोण्या मागून आणल्या, युरिया म्हणू नका, डीएपी म्हणू नका. कंपनीतल्या टाकीला घालायचे तो सगळा खुराक त्या तळ्याला सुरू झाला. त्यांचं बघून बिल्डिंगमधलेही पुण्य कमवायला निघाले. कुणी पाव, कुणी शिळा भात, कुणी पूजेचं निर्माल्य, कुणी शनिवारी काळे उडीद. माझी बायकोसुद्धा एकदा इडल्या घेऊन गेली होती, आणि त्या इडल्या इतक्या कडक झाल्या होत्या की मला माशांची दया आली.

तळं हिरवं होऊ लागलं. आधी काठाशी, मग सगळीकडे, मग इतकं दाट की पालकाची पातळ भाजी वाटावी. जालन्याच्या माणसाला हिरव्या रंगाबद्दल कधी शंका येत नाही. त्यांच्या दृष्टीने हिरवं म्हणजे देव पावला.

जमुना काठावर उभी राहून म्हणाली, "काका, पानी जाड झालाय."

"जाड न्हाई, जमुनाबाई. तब्येत भरायलीय त्याची."

वहिनी तिकडे एकदाच गेल्या आणि नाकाला पदर लावून परत आल्या. म्हणाल्या, "कंपनीत लाईट गेली की तुमच्या कपड्याला यायचा तसा वास यायलाय त्या तळ्याला."

"येतो का? मला न्हाई येत," रामकिसनभाऊ म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. वहिनी पुन्हा गेल्या नाहीत.

मग एका सकाळी मी दुकानाचं शटर उघडत असताना रामकिसनभाऊ धापा टाकत आले. "अंकुशभाऊ, चला लौकर. मासे भेटायला आलेत."

मी गेलो. आणि खोटं कशाला सांगू, मीही थक्क झालो. अख्ख्या तळ्यावर गोल गोल तोंडं. लहान, मोठी, सगळी पाण्याच्या वर काढलेली, उघडत-मिटत, आमच्याकडे बघून. रामकिसनभाऊ हात जोडून उभे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काहीतरी म्हणायलेत," ते म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"आवाज न्हाई ना. पण गळ्यात माळ बघून ओळखत असतील, ह्यो खाणारा न्हाई, खाऊ घालणारा हाय."

त्यांनी गोळ्या टाकल्या. माशांनी ढुंकून पाहिलं नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माझ्यासमोर लाजतात. नवी सून कुठं सासऱ्यासमोर जेवती?" ऊन चांगलं वर आलं तशी तोंडं एकेक करून खाली गेली. "पोट भरलं," रामकिसनभाऊ समाधानाने म्हणाले. मला हे सगळं पटलं. मी शिकलेला माणूस आहे, बी.कॉम. आहे, तरीही पटलं.

त्यानंतर हे रोजच होऊ लागलं. पहाटे मासे वर, उन्हं आली की खाली. ही बातमी हितेशला लागली. हितेश आमचा ग्रामपंचायत सदस्य आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याने मोबाइलवर चित्रण केलं, मागे भजन लावलं आणि गावभर पाठवलं. लोक येऊ लागले. पालघरहून गाड्या आल्या. एडवणहून एक कुटुंब आलं, ज्यांच्या दारात अख्खा समुद्र आहे, तेही आमचं तळं बघून हात जोडून गेले. जो तो येताना माशांसाठी काहीतरी घेऊन यायचा, आणि ते सगळं पाण्यात जायचं.

जमुना एवढंच म्हणाली, "मासा वर कशाला येल? मासा खालती असतो." पण तिच्या गटाचं नाव होत होतं, बाकीच्या बायकाही खूश होत्या, आणि हितेशने तिला भाषणात उल्लेख करायचं कबूल केलं होतं. तीही गप्प बसली.

गणपती झाल्यानंतरचा रविवार हितेशने सत्कारासाठी नक्की केला. 'मत्स्यमित्र श्री. रामकिसन खरात यांचा भव्य नागरी सत्कार आणि सार्वजनिक मत्स्यदर्शन सोहळा.' फ्लेक्स अर्थात माझा. मध्यभागी हितेश, कोपऱ्यात रामकिसनभाऊ, आणि खाली उरलेल्या जागेत एक मासा. मासा मी इंटरनेटवरून घेतला. फ्लेक्स चिंचांना बांधला तेव्हा जमुना बराच वेळ बघत राहिली. "ह्यो पापलेट हाय," ती म्हणाली. "तळ्यात पापलेट कुठशी आला?" मी म्हटलं, सत्काराला पाहुणा आलाय.

त्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं. ऊन असं पडलंच नव्हतं. तळ्यात नुकतेच गणपती गेले होते आणि त्यांच्याबरोबर दहा दिवसांचे हार. मांडव घातला, खुर्च्या लावल्या, व्यासपीठावर एक उभा पंखा ठेवला. पालघरहून एक पाहुणे आले. रामकिसनभाऊंना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीत बसवलं. वहिनीही आल्या. नवऱ्याचा सत्कार, न येऊन सांगतात कुणाला. रुमाल नाकाशी धरून पुढच्या रांगेत बसल्या. वासापायी दरवाजा बंद करून घरात बसणाऱ्या या बाईने मासे वर आलेले तोवर पाहिलेच नव्हते.

आणि मासे असे आले होते की काय सांगावं. पाणी दिसत नव्हतं. हितेशला आनंद मावेना. त्याने माईकवरून सांगितलं की आपल्या लाडक्या भाऊंच्या सत्काराला मत्स्यबांधव प्रचंड संख्येने उपस्थित आहेत. टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला. पाहुणे बोलायला उठले आणि बोलतच राहिले.

एरवी एवढ्या वेळात मासे खाली गेलेले असत. त्या दिवशी गेले नाहीत. ऊनच नव्हतं. मी व्यासपीठाशेजारी फ्लेक्सची दोरी धरून उभा होतो, त्यामुळे मला दिसलं. एक मोठा कटला कुशीवर झाला. मी हितेशला खूण केली. तो कानात म्हणाला, "पडू दे. सकाळपासून उभाय तो." मग दुसरा कलला. मग काठाशी दोन-तीन पांढरी पोटं दिसली.

पाहुणे निसर्ग आणि मानव यांच्या नात्यावर आले होते. तेवढ्यात दमयंतीवहिनी उठल्या. चारचौघांत कधी मोठ्याने न बोलणारी बाई, पण त्या दिवशी सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्ये मासे तुमच्यावानी करायलेत."

पाहुणे थांबले. रामकिसनभाऊ हसत म्हणाले, "माझ्यावानी म्हणजे?"

"पहाटं तुम्ही खिडकीत बसता ना, तोंड वर करून? तसं. भेटायला कसले येतेत. दम लागलाय त्यांना."

रामकिसनभाऊंनी तळ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं, अगदी त्या माशांसारखं, आणि तसंच राहिलं. मग ते एकच शब्द बोलले.

"ब्लोअर."

कुणाला काही कळलं नाही. "ब्लोअर बंद हाय," ते ओरडले. हितेशला वाटलं पंखा बंद पडलाय. त्याने ताबडतोब कुणालातरी प्लग बघायला सांगितलं. तोवर सत्कारमूर्ती शालीसकट तळ्यात उतरले होते आणि दोन्ही हातांनी पाणी उडवत होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी जयजयकार केला. हा सोहळ्याचाच भाग आहे, भाऊ माशांना भेटायला गेलेत, असा सगळ्यांचा समज झाला. पाहुणेही टाळ्या वाजवत होते. रामकिसनभाऊ कमरेएवढ्या पाण्यातून ओरडले, "टाळ्या काय वाजवायलेत? पाणी हाणा. ह्यांना हवा न्हाई."

पहिली जमुना उतरली. पदर खोचला, टोपली घेतली, आणि पाणी भरून वरून ओतायला लागली. तिच्यामागून गटातली बायडी आणि बाकीच्या बायका. मग मीही, नवे बूट घातलेले, कारण माझ्या बायकोने मागून ढकललं.

पाण्यात उतरल्यावर रामकिसनभाऊ एकदम वेगळेच झाले. शिफ्टमधल्यासारखे हुकूम सोडू लागले. शेजारच्या शेतावरचं डिझेल इंजिन आणवलं. पाइप तळ्यात टाकला, दुसरं तोंड वर धरायला लावलं. "नुसतं सोडू नका, पसरून पडू द्या. पातळ पडलं की हवा घेऊन पडतं." पसरून पडायला काहीतरी रुंद आणि गुळगुळीत हवं होतं. त्यांची नजर वर गेली.

"अंकुशभाऊ, तो फ्लेक्स सोडा."

मी सोडला. चार जणांनी तो काठापासून पाण्यापर्यंत तिरका ताणून धरला, आणि इंजिन सुरू झाल्यावर तळ्याचं हिरवं पाणी हितेशच्या कपाळावरून, नाकावरून, हसऱ्या दातांवरून वाहत, पापलेटवरून घरंगळत परत तळ्यात पडू लागलं. हितेश म्हणाला, निदान उलटा तरी धरा. कुणी ऐकलं नाही. माझ्या आयुष्यात मी छापलेला हा पहिला फ्लेक्स ज्याचा कुणालातरी उपयोग झाला.

दुपारी ढग थोडे फाटले, उन्हाची तिरीप आली, आणि फ्लेक्सखालच्या ओघाजवळ जमलेली तोंडं एकेक करून खाली गेली. जी उरली ती वर पोट करून उरली. अर्धे तरी गेले असतील. बायका टोपल्या घेऊन ते गोळा करत होत्या. काही मासे माझ्या हाताएवढे होते.

तोवर हितेशने पुन्हा माईक घेतला होता. हे कंपन्यांचं काम आहे, म्हणाला, रात्री केमिकल सोडलंय, आत्ताच्या आत्ता एमआयडीसीवर मोर्चा. लोक एकदम तापले. आमच्याकडे मासे मेले की बोट आधी कंपन्यांकडे जातं, आणि ते उगाच जात नाही. आमच्या नाल्यांनी काय काय रंग पाहिलेत ते आमचे आम्हाला माहीत. त्यामुळे कुणाला काही सिद्ध करायची गरज वाटली नाही. हितेश मला म्हणाला, "फ्लेक्सची मागची बाजू पांढरी आहे ना? त्यावर निषेध लिही."

मी ब्रश शोधत होतो. रामकिसनभाऊ तळ्यातून वर आले. शाल चिखलाने जड झाली होती. पफ मारला, दोन मिनिटं उभे राहिले. ते नुसते घरी निघून गेले असते तरी चाललं असतं. कुणीही त्यांना काही विचारणार नव्हतं. उलट मोर्चात सगळ्यात पुढे घेतलं असतं.

त्यांनी माईक मागितला.

"कंपन्यांनी जे केलं ते त्यांच्या नावावर राहू द्या," ते म्हणाले. "लई हाय ते. मी आत काम केलंय, मला म्हाईत हाय. पण ह्ये त्यांनी केलं न्हाई. ह्ये मी केलं."

हितेश म्हणाला, भाऊ थकलेत.

"थकलो न्हाई. ऐका. शेण मी टाकलं, गूळ मी टाकला, खत मी टाकलं. ते खाऊन पाण्यात शेवाळ माजलं. दिवसा ऊन असलं की ते शेवाळ हवा सोडतं, म्हणून मासे खाली जायचे. मी म्हणायचो पोट भरलं. रात्री तेच शेवाळ हवा ओढून घेतं. मेलं की कुजतं, तिथं बी हवाच लागती. पहाटेपर्यंत माशाला काय उरतंय? आन् ह्या आठवड्यात तर ऊनच न्हाई." ते थांबले, श्वास घेतला. "जन्मभर टाकीला खुराक घातला. पण तिथं ब्लोअर चालू असायचा. हितं नुसता खुराक दिला. मला, ब्लोअरवाल्याला, ध्यानात आलं न्हाई."

त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, पण माईक हातात आल्यावर माणूस थांबत नाही, हे आमच्या गावाचं पाणीच आहे. त्यांनी काठावर येणाऱ्या गटाराकडे बोट केलं. "आन् त्या गटारातनं साबणाचं पाणी यायलंय. ते बी खतच हाय. ते आपल्या समद्यांच्या मोरीतलं हाय. मोर्चा न्यायचा तर तिकडं न्या."

आपल्याच मोरीवर मोर्चा न्यायला कुणी तयार नव्हतं. लोक घड्याळं बघू लागले. कुणाचा कुकर गॅसवर होता, कुणाचे पाहुणे यायचे होते. थोड्या वेळात सगळा मोर्चा एकेकटा आपापल्या घरी गेला. पालघरचे पाहुणे त्यांचं नारळ-पाकीट घेऊन गेले. हितेश शेवटपर्यंत थांबला, पण तो फ्लेक्ससाठी.

रामकिसनभाऊ जमुनाजवळ जाऊन बसले. ती टोपलीतले मासे नुसती बघत होती. खायच्या लायकीचे ते राहिले नव्हते.

"ते भेटायला येत न्हवते, जमुनाबाई," ते म्हणाले. "ते मरायलते. रोज पहाटं मरायलते, आन् मी हात जोडून बघायलतो." आणि हा एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. मला तिथे उभं राहवलं नाही. मी जाऊन उगाच दोरी गुंडाळत बसलो.

जमुनाने बराच वेळ त्यांना रडू दिलं. तिला राग आला होता, आणि का येऊ नये. मग ती उठली, पदर झटकला.

"रडू नका, काका. आदीच पानी जाड हाय," ती म्हणाली. "उद्या सकाळच्यान या. मासा वर दिसला का इंजिन चालू करायचा. ह्या आता तुमचा काम. आन् हात रिकामे आना."

मेलेले मासे बायकांनी चिंचांखाली पुरले. गटाराचं तोंड वळवायला रामकिसनभाऊंनी चर खणायला घेतला. पहिल्या दिवशी एकटेच होते. दुसऱ्या दिवशी जमुना आणि बायडी आल्या. मग बिल्डिंगच्या गच्चीवरून बघून बघून लाज वाटली म्हणून आम्हीही उतरलो. चरात कर्दळी लावल्या आहेत. दिवाळीनंतर जाळं पडलं नाही. जमुना म्हणते, पुढच्या साली बघू. पाणी अजून हिरवट आहे, पण आता काठाशी हात घातला तर बोटं दिसतात.

लोक अजूनही कणकेच्या गोळ्या घेऊन येतात. पुण्याची बातमी पसरते तशी पापाची पसरत नाही. रामकिसनभाऊ त्यांना हाकलतात. एकदा तर एका आजोबांची अख्खी पिशवी त्यांनी हिसकावून घेतली आणि वहिनींना त्या कणकेच्या चपात्या करायला लावल्या. मला म्हणाले, माशांवर प्रेम असेल तर घरी बसून करा म्हणावं. मी त्यांना एक पाटी फुकट छापून दिली, 'माशांना काहीही घालू नये.' तिच्यावर कुणाचाही फोटो नाही.

रोज पहाटे ते काठावरच्या दगडावर बसतात. खिशात पफ, शेजारी इंजिन, दोन्ही हात रिकामे मांडीवर. उजाडेपर्यंत पाण्याकडे टक लावून बघतात. सुरुवातीला इंजिनाची घरघर रोज ऐकू यायची, आणि वहिनी सांगतात की त्या दिवसांत ते दुपारी कूलरशिवाय गाढ झोपत. हळूहळू घरघर कमी झाली.

परवा मी मुद्दाम लवकर उठून तिकडे गेलो. ऊन यायचं होतं. तळं सपाट, एकसुद्धा तोंड वर नाही. पूर्वी हा माणूस मला धावत सांगायला यायचा, आज किती आले म्हणून. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "आले का?"

"न्हाई," रामकिसनभाऊ म्हणाले. "एक बी न्हाई आला." आणि ही बातमी वहिनींना सांगायला ते लगबगीने घराकडे निघाले.